लाल फुलीचा वाडगा

मी वाडगा बोलतोय. चिनी मातीचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. माझ्या बुडाशी लाल फुली आहे. तीही आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी उलटा करून बघायला नको. फुली म्हणजे नापास. कारखान्यात ज्या भांड्याला फुली पडते, ते फोडतात. मला फोडलं नाही. का नाही फोडलं, ते सांगायलाच बसलोय.

माझा जन्म इतरांसारखाच. ओल्या मातीचा गोळा साच्यात दाबला, चाकावर फिरवला, उन्हात नाही, पंख्याखाली वाळवला. एका मुलीनं फिरत्या पाटावर मला ठेवून कुंचला नुसता टेकवला आणि निळी रेघ आपोआप वर्तुळ होऊन परत आली. मग झिलईच्या पाण्यात एक बुचकळी, आणि भट्टी. भट्टीबद्दल मी जास्त बोलणार नाही. जो त्यातून गेला त्याला सांगायला नको, आणि जो गेला नाही त्याला सांगून कळत नाही.

भट्टीतून बाहेर आलेलं प्रत्येक भांडं एका माणसाच्या हातातून जायचं. त्याला सगळे कानसेन म्हणत. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. त्याचं काम एकच. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर भांडं तोलून धरायचं, उजव्या हातातल्या लाकडी टिपरीनं काठावर हलकेच ठोकायचं, आणि ऐकायचं. सबंध भांडं खणखणतं. आत कुठं केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. खणखणीत ते डावीकडं, बद्द ते उजवीकडं, बुडाला लाल फुली मारून. अठ्ठावीस वर्षं तो हेच करत होता. लोक म्हणायचे, "कानसेन माणसांचं ऐकत नाही, फक्त भांड्यांचं ऐकतो." मागून कुणी हाक मारली तर तो वळायचाही नाही. कामात बुडालाय म्हणून लोक त्याला मान द्यायचे.

खरी गोष्ट अशी होती की त्याला ऐकूच येत नव्हतं. भट्टीच्या भात्यांनी आणि घासायच्या चाकांनी त्याचे कान केव्हाच खाऊन टाकले होते. कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मग भांडी कशी पारखायचा? बोटांनी. ठोकल्यावर सबंध भांडं थरथरत राहतं, बराच वेळ. चिरलेलं चटकन गप्प होतं. ती थरथर त्याच्या बोटांना कळायची. कान हळूहळू जात होते तेव्हाच बोटं हळूहळू शिकत गेली. टिपरीच्या ठोक्यानंतर तो मान तिरकी करून उभा राहायचा, ती फक्त जुनी सवय.

मी ज्या सकाळी त्याच्यापुढं आलो, त्या सकाळी हातमोजे आले.

दुकानदारांनी तक्रार केली होती की नव्या भांड्यांवर बोटांचे ठसे दिसतात. वरून लेखी हुकूम आला. साहेबांनी प्रत्येकाला पांढरे सुती हातमोजे वाटले. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, पण कागदाला फार घाबरायचे. सगळे कामगार हातमोजे घालून बॅन्डवाल्यांसारखे दिसायला लागले आणि एकमेकांना सलाम ठोकायला लागले. हसला नाही तो फक्त कानसेन.

पहिला मीच होतो. त्यानं मला बोटांवर घेतलं, टिपरी मारली. मी वाजलो. अहो, असा वाजलो की पत्र्याच्या छपरापर्यंत गेलो असेन! त्यानं मान तिरकी केली. थांबला. पुन्हा ठोकलं. मी पुन्हा वाजलो. सुती कापडाच्या आत त्याची बोटं मला चाचपत होती, आंधळ्यानं अनोळखी घरात भिंत चाचपावी तशी. मग त्यानं कुंचला उचलला आणि माझ्या बुडाशी फुली मारली.

माझ्यासारख्या धडधाकट भांड्याला!

माझ्यामागून आलेल्यालाही फुली. त्याच्यामागच्यालाही. त्याचा एक नियम होता, शंका आली की फुली. चिरलेलं भांडं घरात गेलं आणि गरम दूध ओतल्यावर कुणाच्या मांडीवर फुटलं तर, म्हणून. त्या सकाळी त्याला सगळ्यांचीच शंका येत होती. एकामागून एक सतरा वाडगे उजवीकडं गेले. डावीकडची फळी रिकामी.

त्याच्या शेजारी गवतवाली ताई बसायची. पास झालेली भांडी गवतात गुंडाळून खोक्यात भरायचं तिचं काम. जीभ तिखट, हात चपळ. खोकी रिकामी राहिली तशी ती उठून आली.

"दादा, आज सगळी भट्टीच फुटली की काय?"

तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. तिनं ढिगातला वरचा वाडगा उचलला, म्हणजे मला, आणि नखानं टिचकी मारली. मी खणखणलो. आणखी तीन-चार वाजवले, तेही खणखणले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मग त्याच्या मागं जाऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमचा सदरा पेटलाय."

तो तसाच उभा.

ती पुढं आली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा तिखटपणा उतरला होता. त्याला दिसेल असं एकेक अक्षर सुटं करत तिनं विचारलं, "कधीपासून?"

"सहा वर्षं," तो म्हणाला.

"सहा? आणि माझ्या एवढ्या शिव्या फुकट गेल्या?"

तो किंचित हसला. तीही हसली, पण लगेच तिनं दाराकडं पाहिलं. दुपारच्या भोंग्याला हातोडेवाला यायचा. उजवीकडचा ढीग फोडून पिंपात टाकायचा आणि त्याची पुन्हा माती करायचा. भोंग्याला तासभरही उरला नव्हता.

"गप्प बसा," ती म्हणाली. "आता हातोडेवाला येईल, सगळं मातीत जाईल. कुणाला पत्ता लागायचा नाही. उद्यापासून तुम्ही ठोका, मी ऐकते. चांगलं असलं तर पापणी हलवीन. पोरंबाळं आहेत घरी, दादा. ह्या वयात दुसरीकडं कोण उभं करणार तुम्हाला?"

मी तिच्या हातातच होतो. आम्ही सतराजण फुटलो असतो तर त्याचं काम वाचलं असतं. आम्ही वाचलो असतो तर ते जाणार होतं. एवढा सरळ हिशेब. वाडग्याला पाय नसतात, तोंड असतं पण ते वर, ओरडायचं नसतं. मी नुसता बघत होतो.

कानसेननं उजवा हातमोजा काढला. मला तिच्या हातातून घेतलं. अंगठ्यानं काठ चोळला.

"हे चांगले आहेत का ताई? सगळे?"

"मी चार-पाच वाजवले. चांगले आहेत."

"मग फोडायचे कसे?"

"तुम्ही नाही हो फोडायचे, तो फोडेल!"

"फुली माझी आहे," तो म्हणाला. आणि मला घेऊन निघाला. ताई मागून हाका मारत राहिली. हाका मारून काय उपयोग, हे तिला दोन पावलांनी आठवलं आणि ती स्वतःच्याच कपाळावर हात मारत मागं धावली.

साहेब छपराच्या टोकाला टेबलाशी उभे होते. कानसेननं मला त्यांच्या कागदांवर ठेवलं.

"साहेब, हा माझ्याकडून चुकला. असे सतरा चुकले. सगळे चांगले आहेत, मी फुली मारली."

"का?"

"मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली."

घासायची चाकं एकेक करत थांबली. साहेबांनी काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांची मान खाली होती. कानसेन म्हणाला, "वर बघून बोला, साहेब. तोंड दिसल्याशिवाय कळत नाही."

साहेब वर बघून म्हणाले, "मग सहा वर्षं हे काम कोण करत होतं?"

कानसेननं डाव्या हाताची तीन बोटं वर केली. "ही तिघं. त्यांना आज तुम्ही कपडे घातलेत."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "हे बघा, उद्या फुटकं भांडं बाहेर गेलं तर मी काय सांगू? बहिऱ्या माणसाला ऐकायच्या कामावर ठेवलं होतं?"

"मग बघा पारखून."

"आत्ता?"

"आत्ता. भोंग्याच्या आत. आणि माझे डोळे बांधा, नाहीतर म्हणाल चीर दिसली म्हणून ओळखली."

ताईनं आपला डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या डोळ्यांवर आवळला. साहेबांनी आमच्या सतराजणांत काल दुपारनंतरचे पाच चिरलेले मिसळले आणि स्वतःच्या हातानं क्रम बदलला. कानसेननं डावा हातमोजाही काढला आणि दोन्ही खिशात घातले. ना कान, ना डोळे. तीन बोटं आणि एक टिपरी. मी चौथा होतो. त्यानं मला तोललं, ठोकलं, आणि मी जीव तोडून थरथरलो. त्याचा चेहरा कसा सैल झाला, ते मी जवळून पाहिलं. "जा," तो पुटपुटला आणि मला डावीकडं ठेवलं.

बावीस संपले तेव्हा उजवीकडं सहा होते.

"पाच मिसळले होते," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता, त्यांनाही तो जिंकायला हवा होता की काय कोण जाणे. "एक चुकला."

ताईनं कानसेनच्या डोळ्यांवरचा रुमाल ओढला आणि सहाच्या सहा टिचकीनं वाजवले. बद्द, बद्द, बद्द, बद्द, बद्द, बद्द.

"सतरातला एक मुळातच फुटका होता, साहेब," ती म्हणाली. "मी वाजवलेल्यांत तो नव्हता. मला कान दोन आहेत, तरी!"

साहेबांनी सहाही भांडी पुन्हा एकदा स्वतः वाजवून पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, "कानसेन, मला पटलं. पण हातमोज्यांचा हुकूम वरचा आहे. लेखी आहे. मी तो मोडू शकत नाही."

"मोडू नका," कानसेन म्हणाला. त्यानं ताईच्या कमरेला दोरीनं लटकणारी सुतळी कापायची कात्री मागून घेतली. खिशातून डावा हातमोजा काढला. तीन बोटांची टोकं कचाकच कापली आणि हातमोजा चढवला. पांढऱ्या कापडातून तीन राकट बोटं बाहेर आली.

"हे बघा. हातात आहे की नाही?"

"आहे," साहेब म्हणाले.

"मग कळवा वर. सगळ्यांच्या हातात हातमोजे आहेत."

भोंगा झाला. हातोडेवाला आला आणि त्याला सहाच भांडी मिळाली. तो कुरकुरत होता.

पंधराजणांच्या फुल्या ओल्या होत्या, फडक्यानं निघाल्या. ते गवतात गुंडाळून कुठल्या कुठल्या घरांत गेले. माझी पहिली फुली, ती बुडाच्या कोऱ्या, झिलई न लागलेल्या कडेत मुरली होती. घासून निघेना. साहेब म्हणाले, हा विकता यायचा नाही. कानसेन म्हणाला, "विकू नका, मी नेतो."

घरी त्याच्या बायकोनं मला उलटं करून बघितलं.

"जन्मभर लोकांसाठी चांगली भांडी निवडता आणि घरी नापास आणता?"

"पास आहे."

"काय?"

"पास आहे म्हटलं!"

"मग ओरडता कशाला? बहिरे तुम्ही आहात, मी नाही."

त्या घरात मी वीस वर्षं काढली. कानसेननं कारखान्यात आणखी चार वर्षं काम केलं आणि वय झाल्यावर स्वतःच्या पायांनी बाहेर आला. माझ्यात गरम दूध आलं, भात आला, आजारपणातली पेज आली. घरात काचेचा नवा सेट आला, त्यातले निम्मे फुटूनही गेले. पाहुणे आले की सून मला मागं सरकवायची, आणि कानसेन मला पुढं ओढायचा.

गेल्या हिवाळ्यात सुनेनं माझ्यात उकळतं पाणी ओतलं. मी गार होतो, आतून काहीतरी सरकलं. बाहेर काही दिसलं नाही. जेवताना कानसेननं मला उचललं, सवयीनं काठावर टिचकी मारली आणि त्याचा हात थांबला. मी त्याच्यापासून काही लपवू शकत नाही.

"गेला," तो म्हणाला.

सून वाकून बघायला लागली. "कुठं? मला तर काही दिसत नाही." मग त्याच्यासमोर येऊन, नीट ओठ हलवत, "बाबा, मग टाकून देऊ का? आता खरंच नापास झाला."

"नापास झाला," तो म्हणाला. त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याच्याकडून मी तशी अपेक्षाही केली नव्हती. "आता ह्याच्यात गरम घालू नका. मुलांच्या हातात देऊ नका."

"आणि टाकायचा?"

"टाकायचा कशाला? नापास झालाय, मेला नाही."

तर सध्या माझ्यात लिंबं असतात. खिडकीशी बसतो. मला जपून ठेवलंय, आठवण म्हणून ठेवलंय, असं कुणी म्हणू नये, मला ते खपायचं नाही. मी कामाला आहे. दूध गेलं तर गेलं, लिंबं काही कमी नसतात. तुमच्या घरातही असेल असा एखादा, काठ उडालेला, कान तुटलेला, आवाज गेलेला. त्याला फळीवर नेऊन बसवू नका आणि त्याच्याकडं बघून उसासे टाकू नका. त्याला काय झेपतं ते आधी त्यालाच विचारा. तोंड समोर करून विचारा.

आता सरा जरा बाजूला. ताई आलीय, दर आठवड्याला येते. दारातूनच ओरडतेय, "दादा, सरबत करा!" ह्या बाईला अजून आठवत नाही. सुनेनं त्याच्या खांद्याला हात लावून दाराकडं बोट दाखवलं, आणि म्हातारा उठून माझ्याकडंच येतोय.