कारखान्यात ऐकू येतं, घरात नाही

मित्रांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीच्या धड्यात माझं चित्र असतं. पोलादाच्या दोन भुजा, खाली एक दांडी आणि शेजारी नाव, नादकाटा. चित्रातला तो गुळगुळीत आणि तरुण आहे. मी जुना आहे, माझ्या दांडीवरची चकाकी केव्हाच गेली, आणि माझा स्वभावही चित्रासारखा शांत राहिलेला नाही. मी रागीट आहे. माझी हकिगत ऐकलीत तर कदाचित तुम्हीही व्हाल.

माझा जन्म अंबाल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझ्या भुजा कानसीने घासल्या, वाजवून पाहिल्या, पुन्हा घासल्या. त्याच्या कानाला पटेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. तिथून मी मुंबईच्या एका दुकानात आलो आणि लतिका नावाच्या एका विद्यार्थिनीने मला विकत घेतलं. ती पेणची. पुढे ती कानाची डॉक्टर झाली, पेणलाच दवाखाना थाटला, आणि मी तिच्या टेबलावर राहू लागलो. ती मला आपल्या कोपरावर हलकेच आपटते आणि मी गुणगुणायला लागतो. एवढंच माझं काम.

पण त्या एवढ्याशा कामात काय असतं ते ऐका. आवाज आत शिरायला दोन वाटा आहेत. एक हवेची. कानाच्या भोकातून पडद्यावर, पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांवरून आतल्या कानापर्यंत. दुसरी वाट कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला जाते. डॉक्टर मला आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात आणि विचारतात, कुठे मोठा वाजला? चांगल्या कानाला मी समोर मोठा वाटतो. एखाद्याला हाडावर मोठा वाटलो, तर आतला कान शाबूत आहे, वाटेत काहीतरी अडलंय. असं अडलेलं बहुतेक वेळा दूर करता येतं. आणि ऐकू कमी येत असूनही मी समोरच मोठा वाटलो, तर दुखणं आतल्या कानाचं किंवा नसेचं. ते सहसा मागे फिरत नाही, तिथे कानाला लावायच्या चांगल्या यंत्राचा आधार घ्यावा लागतो.

पेणला मी खूप कान पाहिले. गडबचे एक शेतकरी बहिरे झालो म्हणून रडत आले होते. त्यांच्या कानातून मळाचा खडा निघाला, आणि घरी जाताना स्वतःच्याच चपलांच्या आवाजाने ते दचकले. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. वडखळची एक शाळकरी मुलगी आली, तिचा कान कित्येक वर्षं वाहत होता. पडद्याला भोक पडलेलं, आणि शाळेत तिला मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसवलेलं. पडद्याला ठिगळ लावल्यावर ती पहिल्या बाकावर आली, पण मठ्ठ म्हणणाऱ्यांना कुणी कुठे बसवलं नाही. एक एसटीचे ड्रायव्हर होते, एका सकाळी उठले तर एक कान ठप्प. अचानक गेलेल्या कानाला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. यांच्या घरच्यांनी लसणाचं तेल कढवून कानात सोडलं, मग शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून आणखी कसलासा रस सोडला. आमच्याकडे आले तेव्हा वेळ निघून गेली होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला तळपाय नाही, तरी कळलं.

मग दवाखान्यात काचेची बंद खोली आली, हेडफोन आले, कागदावर आलेख काढणारं यंत्र आलं. मी रबरी शिक्के आणि संपलेल्या पेनांबरोबर खणात गेलो. यंत्राशी माझं भांडण नाही. ऐकणं किती गेलंय ते त्याला नेमकं सांगता येतं, मला येत नाही. पण यंत्र पेणला आणि कान सगळीकडे, त्याला काय करायचं? लतिका डॉक्टर दर गुरुवारी रोह्याला एका छोट्या दवाखान्यात बसायच्या. तिथे काचेची खोली नव्हती. म्हणून गुरुवारपुरता मी खणातून त्यांच्या पर्समध्ये यायचो.

अशाच एका गुरुवारी रोह्याला एक बाप आणि त्याची लेक आली. बापाचं नाव कान्हू, लेकीचं अनिता. कान्हू बोलायला लागला तसे बाहेरच्या बाकावरचे लोकही वळून बघू लागले, इतका त्याचा आवाज मोठा.

“डॉक्टरीनबाई, माजे कान तर गेलेच. पोरीचे पन माज्यावर गेलेत. यावर विलाज नाय, मला ठावं हाय. तुमी फकस्त लिवून द्या, का ही बहिरी हाय, नाटक नाय करत.”

“नाटक करते असं कोण म्हणतं?” डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं.

“तिची सासू. जोह्याला दिलीय ना तिला.”

अनिता खाली बघत काहीतरी बोलली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली तेव्हा कुठे ऐकू आलं.

“मनस्वीच्या वेळंला पोटुशी व्हते, तवापासनं कमी आयकू यायला लागलं,” ती म्हणत होती.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पेणजवळच्या जोहे गावात अनिताच्या सासरचा गणपतींचा कारखाना. अनिता मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, हात इतका सफाईदार की आजूबाजूचे कारखानदारही तिला बोलावतात. तिथे रंग मारायचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो, आणि त्या गोंगाटात कुणी काही बोललं की अनिता बरोबर उत्तर देते. संध्याकाळी घर शांत होतं, सासू इंदुबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात, आणि अनिता ढिम्म. कारखान्यात ऐकू येतं, घरात नाही. इंदुबाईंनी सरळ अर्थ लावला, सून माजलीय. त्यात ती हळू बोलते, म्हणजे तोंडातल्या तोंडात शिव्या देत असणार. इथवरही मी ऐकून घेतलं असतं. पण पोर रडली तरी ही उठत नाही, असल्या आईजवळ पोर कशी ठेवायची, असं म्हणून त्यांनी वर्षाची होत आलेली मनस्वी स्वतःकडे ठेवून घेतली आणि अनिताला माहेरी धाडलं. नवरा प्रविण गप्प बसला. गणेशोत्सव उरकला की गावातली माणसं बसवून कायमचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं.

मित्रांनो, मी पोलाद आहे. तरी मला वाटलं, आपण पर्समध्येच वाकून मोडावं.

डॉक्टरांनी मला कोपरावर वाजवलं आणि अनिताच्या कानामागे टेकवलं. तिने चटकन मान वर केली. इतका मऊ आवाज तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. मग मला कानासमोर धरलं.

“बंद झाला,” अनिता म्हणाली.

मी बंद झालो नव्हतो, चांगला वाजत होतो. दुसऱ्या कानालाही तसंच. डॉक्टरांनी आत दिवा लावून पाहिलं. मळ नाही, पाणी नाही, पडदा धडधाकट. मग त्यांनी मला कान्हूच्या कानाशी धरलं. तिथे बरोब्बर उलटं. हाडावर मी त्याला पुसट लागलो आणि समोर त्याहून जरा बरा.

“कान्हूदादा, तुम्ही कुठे काम करता?”

“कंपनीत. ब्लोअरवर हाय, त्या मोठ्या पंख्यावर, पैल्यापासनं.”

“कानाला काही लावत होतात का?”

“साहेब तपासनीला यायचे ना, तवा कानपट्टे वाटायचे. साहेब गेले का परत गोळा करायचे.”

हे त्याने अगदी सहज सांगितलं. जेवणाच्या सुट्टीबद्दल सांगावं तसं. माणसाच्या कानातल्या नाजूक पेशी वर्षानुवर्षं भाजून निघत होत्या, आणि त्यांना वाचवणारी वस्तू कपाटात कुलूपबंद होती. त्या कंपनीच्या मॅनेजरला एक दिवस त्या ब्लोअरशेजारी उभं करावं, कानपट्ट्याशिवाय. माझी हीच इच्छा आहे आणि ती मी लपवत नाही.

डॉक्टरांनी कान्हूला हाताने खुणावून जवळ बोलावलं आणि त्याच्या कानाशी सावकाश सांगितलं, “तुमचा कान आवाजाने गेलाय, तो परत येणार नाही. नीट बसवलेलं यंत्र लागेल, आणि उद्यापासून कानपट्टा मागून घ्या. पण हिचं तुमच्यासारखं नाही. हिचा आतला कान चांगला आहे. पडद्यामागचं शेवटचं हाड, घोड्याच्या रिकिबीसारखं, अंगातलं सगळ्यात लहान, ते आखडून बसलंय, असं मला वाटतं. काही बायकांचं हे गरोदरपणात वाढतं. पेणला यंत्रावर खात्री करू. यावर ऑपरेशन आहे.”

कान्हूने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदाही तेच उत्तर मिळालं तेव्हा कुठे त्याला पटलं. पोरीचं दुखणं आपल्याच रक्तातून गेलं, असं समजून हा माणूस इतके दिवस स्वतःला दोष देत होता.

डॉक्टरांनी जोह्याला निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात पेणच्या दवाखान्यात प्रविण आला, बरोबर इंदुबाई आल्या. मनस्वीला शेजारणीकडे ठेवलं होतं. अनिता आणि कान्हू आधीच आले होते. काचेच्या खोलीत तपासणी झाली, आलेख निघाला, आणि माझं म्हणणं खरं ठरलं. डॉक्टरांनी समजावलं, की गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात, आणि तो गोंगाट अनिताला मुळात कमी लागतो, म्हणून कारखान्यात तिला कळतं. स्वतःचा आवाज मात्र हाडातून मोठा येतो, म्हणून ती हळू बोलते.

इंदुबाईंनी कागदाकडे बघितलंही नाही. “मशीन काय, काय पन सांगल. मी घरात बघतंय ना हिला.”

डॉक्टरांनी खण उघडून मला बाहेर काढलं. “इंदुबाई, दोन्ही कानांत बोटं घाला. घट्ट.”

त्यांनी घातली. डॉक्टरांनी मला वाजवून त्यांच्या कपाळावर टेकवलं. मी त्यांच्या डोक्यात एवढा घुमलो की त्या मागे सरकल्या. मग मला कानाजवळ धरलं, आणि मी त्यांच्यासाठी जवळजवळ नाहीसा झालो.

“बोटं तशीच ठेवा,” डॉक्टर त्यांच्याकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या. “आता मला सांगा, आज घरी काय रांधणार आहात?”

इंदुबाई सांगू लागल्या. भात म्हणाल्या, मग काहीतरी कालवणाचं. पुढचं कुणालाच कळेना, त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या.

“आये, मोठ्यानं बोल,” प्रविण म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. तो ओरडला, “आये, मोठ्यानं बोल ना, काय आयकू येत नाय.”

“मोठ्यानंच तं बोलतंय,” इंदुबाई पुटपुटल्या.

आणि मग त्या थांबल्या. बोटं हळूहळू बाहेर आली. हेच उत्तर त्यांना घरात कितीदा मिळालं होतं आणि त्यावर त्या किती भडकल्या होत्या, ते त्यांचं त्यांना आठवलं असावं.

“चल मग घरी,” प्रविण बायकोला म्हणाला. जणू काही घडलंच नव्हतं.

अनिता बोलली. नेहमीसारखीच हळू. प्रविणला पुढे वाकावं लागलं, इंदुबाईंनाही वाकावं लागलं.

“मनस्वीला उद्या रोह्याला आनून द्या. ऑपरेशन करायचं ते मी बाबाच्या घरून करीन. मंग घरी यायचं का नाय, ते मी सांगन.”

इंदुबाईंनी तोंड उघडलं होतं, पण कान्हू उठून लेकीच्या मागे उभा राहिला. त्याला एकही शब्द ऐकू आला नव्हता. लेकीच्या ओठांकडे बघून त्याला काय कळायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रविण मनस्वीला घेऊन आला. पुढे मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात अनिताच्या एका कानाचं ऑपरेशन झालं. आखडलेल्या हाडाच्या जागी केसाएवढा दांडा बसवला. क्वचित ऐकणं आणखी जाऊ शकतं आणि ऑपरेशन नको असेल तर यंत्रही चालेल, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. अनिताने ऑपरेशन निवडलं. जखम भरल्यावर रोह्याला मी तिच्या त्या कानासमोर वाजलो आणि ती म्हणाली, “आता हितंच मोठा वाजतोय.” कान्हूलाही ऐकणं मोजून नीट बसवलेलं यंत्र मिळालं. कंपनीत कानपट्टे मात्र अजून कपाटातच असतात, आणि कान्हू रोज भांडून आपला मागून घेतो.

इंदुबाईंनी माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. नाही मागितली. सुनेच्या कानात दोष होता, तो डॉक्टरांनी काढला, एवढंच त्या जोह्यात सांगत फिरतात. अनिता महिन्याभराने सासरी गेली ती स्वतःच्या मर्जीने, आणि आखणीची मजुरी स्वतःच्या हातात घ्यायच्या बोलीवर.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, टीव्ही मोठा लावत असेल, फार हळू किंवा फार मोठ्याने बोलत असेल, तर त्याला माजलेला, म्हातारचळ लागलेला, मठ्ठ म्हणू नका. तेल ओतू नका, काडी घालू नका. कानाच्या डॉक्टरकडे न्या. माझ्यासारखा एखादा कुठल्यातरी खणात पडलेला असतो आणि त्याचं काम क्षणात होतं. अनिताला तो क्षण वेळेवर कुणी दिला नाही. आता तिला ऐकू येतं, लेक तिच्या कुशीत झोपते, सगळे म्हणतात, झालं ते झालं. पण मनस्वीने पहिलं पाऊल टाकलं ते जोह्याच्या ओटीवर, आणि तिची आई तेव्हा रोह्याला होती. ते पाऊल तिला कुठल्या ऑपरेशनने बघायला मिळणार आहे, ते मला कुणीतरी सांगा.