वर गेलेला हात

पाच वर्षांच्या देवश्रीला कराटेच्या क्लासला टाकायचं तिच्या बापानं, शिशिरनंच ठरवलं. शाळेत एक पोट्टा तिला रोज ढकलायचा. "माझी पोट्टी कोणाचा मार खाणार नाही," असं तो चारचौघांत सांगत फिरला.

तेलीबांधा भागातल्या त्या क्लासमध्ये सरांनी लेकरांना आधी वाकून नमस्कार करायला शिकवलं, मग न लागता पडायला, मग वरून येणारा हात अडवायला. पालकांना बघायला बोलावलं, त्या दिवशी देवश्रीनं सरांचा एकही हात डोक्यापर्यंत पोचू दिला नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या शिशिरच्याच होत्या.

घरी येताच तो बायकोला म्हणाला, "पद्मजा, पाहून तर घे, काय शिकली ते." आणि हसत हसत त्यानं देवश्रीवर हात उगारला.

देवश्रीनं डोळे घट्ट मिटले, मान खांद्यांत ओढली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"अगं, अडव ना. काहून अशी उभी राहिली?"

"वहाँ तो सर झूठमूठ का मारते हैं, पापा," देवश्री शाळेतल्या सवयीच्या हिंदीत म्हणाली.

पद्मजानं मान खाली घातली. शिशिरचा हात वरच राहिला. पोरगी दचकणार नाही असा तो खाली कसा आणायचा, हे त्याला कळेना.