टेलरमास्तरांचा नमुना

तुरुंगाच्या दवाखान्यातल्या लॅबवाल्या ताईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा तो हुकूम आला: प्रत्येक कैद्याचा डीएनए नमुना घ्यायचा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, वाळवायची, पाकिटात सील करायची आणि वर नंबर घालायचा. दिवसाला साठ तोंडं. तिसऱ्या दिवशी ताईंची मान धरली. कैदी मात्र खुशीत होते, रोजच्या रगाड्यात तेवढाच बदल. घरफोडीतला एकजण म्हणाला, "तोंड उघडायचं, पण बोलायचं नाही. माझ्या वकिलानं हेच वेळेवर शिकवलं असतं, तर आत आलोच नसतो."

नाही म्हणाले ते एकटे टेलरमास्तर. रागाच्या भरात भागीदारावर कात्री चालवली, भागीदार गेला आणि मास्तरांना जन्मठेप झाली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. बायको आधीच वारलेली. एकुलता एक, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अटकेच्या आठवड्यातच घराला कुलूप लावून निघून गेला, तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर बुधवारी, भेटीच्या दिवशी, मास्तर दाढी करून बाकावर बसत. नऊ वर्षांत त्यांचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, रागावलाय पोरगा. राग त्याच्या नाकावरच असतो, माझ्यावर गेलाय.

नमुना दिला की जुन्या, न सुटलेल्या भानगडी आपल्या गळ्यात मारतील, अशी त्यांना धास्ती होती. तुरुंगाचे साहेब म्हणाले, चार शिपाई लावा आणि घ्या. ताईंना ते बघवलं नसतं. त्या शिवणखात्यात गेल्या, मशीनशेजारी स्टुलावर बसल्या आणि अर्धा तास समजूत घालत राहिल्या. कर नाही त्याला डर कशाला, असंही म्हणाल्या. शेवटी मास्तरांनी पाय थांबवला, चष्मा काढला आणि आ केला.

चार महिन्यांनी मुख्य प्रयोगशाळेचं पत्र आलं. मास्तरांचा नंबर पाहून ताईंनी ते उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. खरंच काहीतरी निघालं की काय? निघालं होतं ते वेगळंच. बेवारस मृतदेहांचे नमुनेही तिथे जपून ठेवलेले असत. त्यातल्या एकाशी मास्तरांचा नमुना जुळला होता. नातं: पिता आणि पुत्र.

साहेब म्हणाले, तुमचं ते ऐकतात, तुम्हीच सांगा.

ताईंनी त्यांना दवाखान्यात बोलावलं, दार लोटलं आणि आडवळण न घेता सांगितलं. मास्तरांनी हाताच्या नखांकडे पाहिलं. मग कधी गेला ते विचारलं. तुम्ही आत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, ताई म्हणाल्या.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही ती काडी फिरवली नसती, तर तो माझ्यापुरता रागावलेलाच राहिला असता. तेवढं मला पुरत होतं."

ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही. कुठे सापडला, एवढंच विचारलं. ताईंनी कागद वाचून दाखवला: हमरस्त्यावर, तुरुंगाकडे वळणाऱ्या नाक्याशी, अज्ञात वाहनाची धडक, बुधवार, सकाळचे दहा.

"बुधवार," मास्तर म्हणाले. "म्हणजे माझ्याकडेच येत होता."

त्याच नाक्यावरून कारखान्यांकडेही रस्ता फुटतो आणि रोज सकाळी कामाच्या शोधात तिथे शे-दीडशे माणसं उभी असतात, हे ताईंना पक्कं माहीत होतं.

"हो, मास्तर," त्या म्हणाल्या.

महिनाभर कागद इकडून तिकडे फिरले, तेव्हा कुठे चार तासांची परवानगी मिळाली. पालिकेनं बेवारसांना जिथे पुरलं होतं तिथे जायचं होतं. दोन शिपाई होते आणि ताई रजा टाकून बरोबर गेल्या. वाटेत तो नाका लागला. डबे घेतलेली माणसं कडेनं रांगेत उभी होती, एक टेम्पोवाला बोटं दाखवून त्यातली निवडत होता. मास्तर गाडीच्या जाळीतून बघत राहिले. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि ताईंनी नजर चुकवली.

"राहू द्या, बाई," ते हळूच म्हणाले. "येतच होता तो."

मैदानात गवत कमरेएवढं वाढलं होतं. रखवालदारानं ते बाजूला सारून नंबराची पत्र्याची पट्टी शोधून दिली. माती केव्हाच खचून सपाट झाली होती. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि पट्टीपासून एकेक वीत टाकत जमीन मोजू लागले. सातव्या वितीला थांबले.

"घर सोडलं तेव्हा माझ्या कानाला लागत होता," ते म्हणाले. "एवढाच असणार. नंतर वाढायला सवड कुठे मिळाली त्याला?"

मघापासून घाई करणारा शिपाई घड्याळ बघायचं सोडून फाटकाकडे चालता झाला. ताई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी पट्टीभोवतीचं गवत उपटू लागल्या. मास्तरांनी त्यांना अडवलं नाही.