गुडघ्यांवरची शाळा

आज शाळेला अकरा खोल्या आहेत. पाहुणे आले की सिस्टर कौतुकाने सांगतात, आमची शाळा चर्चमध्ये सात मुलांवर सुरू झाली. माझ्या नाकावर टिच्चून सुरू झाली, हे मात्र त्या सांगत नाहीत. मनाच्या मोठ्या आहेत.

मी चर्चचा राखणदार. झाडलोट, मेणबत्त्या, घंटा आणि सर्वांत मुख्य म्हणजे बाकांचं पॉलिश. आमची ही म्हणायची, "एवढं लाडाने कधी माझ्याकडे पाहिलंत का?" मी काही शिकलेलो नव्हतो. कुठल्याही कागदावर अंगठाच उठवायचो, आणि बाकात चेहरा दिसला की मला जन्माचं सार्थक वाटायचं.

फादर एक दिवस म्हणाले, "सोमवारपासून सिस्टर इथे मुलांना शिकवतील. रविवार सोडला तर चर्च रिकामंच असतं." रिकामं असतं म्हणून तर स्वच्छ असतं! पण बोलणार कोण?

पहिल्याच दिवशी एका पोरीने मांडीवर वही धरून लिहिता लिहिता अख्खी दौत बाकावर सांडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे कायदा केला. लिहायचं असेल तर उलटं वळायचं, प्रार्थनेच्या फळीवर गुडघे टेकायचे, बाकावर वर्तमानपत्र अंथरायचं आणि त्यावर वही ठेवायची. सिस्टर हसून म्हणाल्या, "काका म्हणतात तसं करा." पोरांची तोंडं आता दाराकडे, म्हणून त्यांनी फळाही दाराशी नेला. तीन वर्षं देवाने पोरांच्या फक्त पाठी पाहिल्या. पोरं मला पॉलिशकाका म्हणू लागली.

सातांची एकोणीस झाली, एकोणिसांची एक्केचाळीस. शेवटी चर्चच्या मागे दोन खोल्या उभ्या राहिल्या, कुठूनशी जुनी बाकंही मिळाली. आता हवी होती मान्यता. ती नाही मिळाली तर चौथीच्या नऊ मुलांना मोठ्या शाळेत पुन्हा पहिलीपासून बसावं लागणार होतं. त्या काळजीने सिस्टर अर्ध्या झाल्या होत्या. खरं सांगतो, काळजी मलाही होती. आधी वाटायचं, एकदाची ब्याद जावी. आता त्या नऊ जणांची तोंडं डोळ्यांपुढे यायची.

खोल्यांत शाळा भरली त्याच सोमवारी तपासणीचे साहेब हजर. पाणी द्यायला म्हणून मी दारात उभा होतो. पाढे झाले, कविता झाली. साहेब खूश दिसत होते. म्हणाले, "चौथीने आता पाच ओळी लिहून दाखवा."

नऊच्या नऊ पोरं उठली, उलटी वळली, जमिनीवर गुडघे टेकले आणि बाकावर वह्या ठेवून लिहायला लागली.

साहेबांचा चेहरा उतरला. "सिस्टर, मुलांना गुडघ्यांवर बसवता तुम्ही?"

"शिक्षा नाही हो ती, साहेब..."

"न सांगता बसली. म्हणजे रोजचंच दिसतंय." त्यांनी पेनला टोपण लावलं.

करून गेलो मी आणि निस्तरायचं ह्या बाईने! पाण्याचा तांब्या खाली ठेवून मी पुढे झालो. "साहेब, ही सवय माझी. बाकांना शाई लागू नये म्हणून मीच लावली." दौतीपासून सगळं सांगितलं.

"छान रचलंय," साहेब म्हणाले. "सिस्टरांनी पढवलं का?"

"खोटं असेल तर जीभ झडो माझी!"

"जीभ राहू दे. लिहून द्या." त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढे केली.

सिस्टर घाईघाईने म्हणाल्या, "काकांना लिहिता येत नाही, साहेब. मी लिहिते, ते अंगठा देतील."

तोवर मी कागद घेतला होता. वळलो, गुडघे टेकले, कागद बाकावर ठेवला आणि लिहिलं: मुलांना मी बसवलं. बाक खराब होतं म्हणून. सिस्टरचा दोष नाही. अक्षरं लिंबाएवढी आली, ओळ उतरणीला लागली, पण लिहिलं. खाली नावही घातलं.

मान वर केली तर साहेब कागदाकडे पाहतच नव्हते, माझ्या गुडघ्यांकडे पाहत होते. ते दुखायला लागले तेव्हा कुठे मला कळलं मी कसा बसलोय ते.

"काका, कधी शिकलात?" सिस्टरांनी विचारलं.

आता लपवून काय उपयोग? "शाळा सुटली की पॉलिशच्या नावाखाली दार लावून घ्यायचो. फळ्यावर राहिलेलं मीही गुडघ्यांवर गिरवत बसायचो." लाजेने माझे कान तापले, पण आतून इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "किती वर्षं चाललंय हे?"

"तीन."

"म्हणजे तिसरी झाली." ते मान्यतेच्या कागदावर सही करता करता म्हणाले, "उठा, चौथीत बसा. वर, बाकावर."

मी नऊ पोरांच्या शेजारी दहावा जाऊन बसलो. वर बसून सरळ लिहायला मात्र आम्हा दहाही जणांना पुढे महिनाभर जमलं नाही.