महाराजांच्या गालात

अक्कलकोट रस्त्यावरच्या बंद पडलेल्या एका शेडपुढं बायकांची रांग लागली होती. आत हिंदुराव महाराज नावाचा एक धष्टपुष्ट माणूस एका बाईच्या उघड्या पाठीला तोंड लावून चोखत होता. शेजारी माईक धरलेला, त्यामुळे तो पचपच आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मग त्याने झटक्यात मान वर केली, डोळे फिरवले आणि स्टीलच्या वाटीत थुंकला. लाळेत लडबडलेला काळसर तांबडा मांसाचा तुकडा!

"पोटातली गाठ भाईर!" शिष्य शंकरप्पा ओरडला. "चाकू न्हाय, टाका न्हाय!"

वाटी रांगेतून फिरली. बायकांनी तिला नमस्कार केला. एकीने तर वाटीला बोट लावून ते कपाळाला लावलं. मी रांगेत मागं उभी राहून हे बघत होते.

मी राजश्री. दातांची डॉक्टर. माझा दवाखाना सुंदरम्माकाकूंच्या घरात, तळमजल्यावर आहे. वर त्या, मुलगा गुरु आणि सून काव्या राहतात. आठवड्यापूर्वी काव्या घाबरून खाली आली. सासूबाईंना न्हाऊ घालताना तिला त्यांच्या पाठीवर रुपयाएवढा काळानिळा डाग दिसला होता. खोदून विचारल्यावर कळलं, काकूंच्या छातीत गाठ आहे आणि त्या दोनदा महाराजांकडे जाऊन आल्यात.

मी वर गेले. "काकू, डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"दाखवलं की. मोठ्या दवाखान्यात गेलते. पदर काढा म्हणाले. दार उघडंच. आत सात-आठ शिकाऊ पोरं उभी, आमच्या गुरुपेक्षा ल्हान. एकानं हात लावला, दुसऱ्याला म्हणाला, तू पण बघ. मला कुणी विचारलंच न्हाय. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं न्हाय गं राजश्री, नुसतं तिकडंच बघितलं. मग सुई घालायची म्हणाले. मी चप्पल घातली आन् आले."

"आणि महाराज?"

काकूंचे डोळे भरले. "त्यांनी विचारलं, अव्वा, कवापासनं एकटी सोसतीस? मला रडूच फुटलं बघ. पदराला हात लावायचा न्हाय म्हणाले, पाठीतनं ओढतो. लई हलकं वाटलं."

"गाठ गेली का?"

"ल्हान झालीय."

"हात लावून बघितलंत?"

"हात लावायचा न्हाय. शंका घेतली की गाठ परत वाढतीया म्हणालेत."

मला दोघांचीही किळस आली: ज्यांनी या बाईला टेबलावरचा नमुना केलं त्यांची, आणि ज्याने तिच्या लाजेचा धंदा मांडला त्याची. पण पहिले खरी गाठ तपासत तरी होते. मी वाद घातला नाही. "पुढच्या वेळी मी येते बरोबर," एवढंच म्हणाले.

म्हणून मी त्या रांगेत होते. महाराजांचं तोंड अखंड चालू होतं. "डाक्टर कापतोय, आपुन ओढतोय! यक्सरेला दिसंना ते मला डोळं मिटून दिसतंय! लेझर म्हनू नका, करंट म्हनू नका, समदं ह्या जिभंत हाय!" मग प्रत्येक बाईआधी ते 'मंत्रजल' घ्यायला पडद्याआड जात. बाहेर आले की एकदम मौन. हातवारे करून बसा म्हणत, वाका म्हणत. ओठ घट्ट मिटलेले, डावा गाल किंचित फुगलेला. थुंकून झालं की पुन्हा बडबड सुरू.

लोकांच्या गालात कापसाचे बोळे ठेवणं हे माझं रोजचं काम. गालात काही धरलेला माणूस कसा दिसतो, हे मला कुणी सांगायला नको.

काकूंचा नंबर आला. त्या पाठ करून बसल्या. महाराज पडद्याआडून आले, वाकले. मी पुढं झाले.

"महाराज, ओढायच्या आधी एकदा आ करा. तोंड रिकामं आहे, एवढं सगळ्यांना बघू द्या."

शंकरप्पा मध्ये आला. "मौन हाय त्यांचं! मंत्र फुटंल!"

"बोलू नका म्हणावं. नुसतं तोंड उघडा. मंत्र काय खाली सांडणार आहे?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी जोरजोरात मान हलवली. तेवढ्यात काकू स्वतःच वळल्या. त्या त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिल्या.

"मी पाठ उघडी केली की रे, एवढ्या लोकांत," त्या म्हणाल्या. "तू तोंड तरी उघड."

महाराजांनी डोळे मिटले. तोंडातला माल गिळायला गेला, पण तो उतरेना. चेहरा जांभळा पडला, ठसका लागला, आणि खोकल्याच्या एका उबळीबरोबर सगळं त्याच्या पांढऱ्या धोतरावर पडलं: पातळ प्लास्टिकची फुटकी पुडी, लाल पाणी आणि बुळबुळीत तुकडा.

रांगेतली एक बुरखेवाली बाई वाकून म्हणाली, "अगे, ये तो मुर्गी की कलेजी है!"

कुणीतरी पडदा ओढला. मागं बर्फाच्या डब्यात तशाच पुड्या रचून ठेवल्या होत्या. चोखताना दातांनी पुडी फोडायची, तुकडा थुंकायचा, प्लास्टिक गालात दाबून ठेवायचं. पाठीवरचा डागही चमत्कार नव्हता. कातडी जोरात चोखली की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कुणीही चोखो.

"अय्यो, शिवशिवा!" उभ्या जन्मात मांसाला न शिवलेल्या काकू पदराने पाठ पुसत राहिल्या.

तरीही एक माणूस म्हणालाच, "कुणीतरी विटाळ केला आसंल, म्हनून मंत्रजलाचं मांस झालं." महाराज तोवर मागच्या दाराने निघून गेले होते. आम्ही पोलिसांत तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ओळखीच्या एका सर्जनबाईंकडे काकूंना नेलं. त्यांनी दार लावलं, नाव विचारलं, सुई दाखवली, कशासाठी ते सांगितलं आणि मग विचारलं, "तपासू का?" काकूंनी मान डोलावून हो म्हटलं. माझा हात मात्र सोडला नाही.

गाठ कर्करोगाची निघाली. काखेतही पोचली होती. महाराजांकडे गेलेल्या काळात ती वाढत होती, आणि काकूंना वाटत होतं, लहान झालीय. कुणीतरी मायेने विचारलं, त्याने मन हलकं झालं होतं. गाठ हलकी झाली नव्हती. ऑपरेशन झालं. आता केमो चालू आहे; केस गळताहेत, तोंड आलंय, अन्न जात नाही. पूर्ण बऱ्या होतील का, हे सर्जनबाई आज छातीठोकपणे सांगत नाहीत. खोटं सांगत नाहीत, म्हणून काकूंचा त्यांच्यावर विश्वास बसला आहे.

"मी यडी ठरले गं," काकू परवा म्हणाल्या.

त्या वेड्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. आजारी माणसाला भीती वाटते, लाज वाटते, कुणीतरी आपली विचारपूस करावी असं वाटतं. दवाखान्यात ती होत नसेल तर भांडून मागा. दार लावायला सांगा, बाई डॉक्टर मागा, काय करणार ते विचारा. तपासायचं नाही, शंका घ्यायची नाही, असं कुणी म्हणालं की तिथून उठा. डॉक्टर पटला नाही तर दुसरा डॉक्टर शोधा. बाबा शोधू नका.