कुंडीतली माती

माझा मुलगा कपडे घडी घालून धुवायला टाकायला लागला, तिथंच माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या आया म्हणतील, बाई, नशीब काढलंस. पण माझा मुलगा फुटबॉल खेळतो. क्लबचा कॅप्टन आहे. नव्वद मिनिटं खेळून आलेल्या माणसाचे कपडे असे येत नाहीत. ते दारातूनच फेकलेले येतात, मोजे उलटे, चड्डीला चिखल, जर्सी पिळली तर अर्धी बादली भरावी. आमच्या साहेबांचे मात्र हिवाळ्याच्या सुट्टीनंतर घडी होऊन यायला लागले. वर मोजे, जोडीनं. जसा काही कुणाच्या लग्नाला जाऊन आलाय.

मी या क्लबच्या धुलाईखोलीत सव्वीस वर्षं आहे. शाळा माझी चौथीत सुटली, त्यामुळं पेपरात कोण काय लिहितं ते मी बघत नाही. मला गरजच नाही. मॅच झाली की सगळ्यांचे कपडे मी आधी मोठ्या टेबलावर पसरते. मशीनमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक कपड्यावरून हात फिरवते, कारण गवताला वेगळा साबण लागतो, चिखलाला ब्रश लागतो आणि रक्ताला गार पाणी. हे करता करता माणूस कळतोच. घसरून बॉल काढणाऱ्याच्या मांडीवर हिरवा पट्टा येतो, लांब, एकाच बाजूला. पडून नाटक करणाऱ्याच्या पाठीला गोल डाग पडतो. आणि जो नुसता हात वर करून ‘अरे तिकडे बघ, तिकडे बघ’ ओरडत फिरतो, त्याच्या काखा तेवढ्या भिजतात.

आमच्या थोरल्याच्या, म्हणजे ह्याच कॅप्टनच्या, काखा भिजलेल्या असायच्या. बाकी सगळं कोरं.

आता यंदाच्या हंगामाचं काय सांगू? बावीस वर्षं आमचा क्लब वरच्या साखळीत होता. कधी पाचवा, कधी बारावा, पण वर. दर वर्षी शेवटच्या तीन क्लबना खालच्या साखळीत ढकलतात, ते आम्ही दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकायचो आणि च्च च्च करायचो. यंदा आमची पाळी आली. घरच्या मैदानावर हरलो, दुसऱ्यांच्या मैदानावर हरलो, ज्यांच्याकडून कोणी हरत नाही त्यांच्याकडून दोनदा हरलो. कोच दर आठवड्याला नवं कारण काढायचा. वारा, रेफरी, प्रवास. एकदा म्हणाला, मैदानाचं गवतच बरोबर नाही. ते मैदान आमच्या ह्यांनी वीस वर्षं राखलं होतं, मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. मी कोचच्या ट्रॅकसूटला एवढी खळ घातली की दोन दिवस तो बसला की कडकड वाजायचा.

पण कोच परका माणूस. माझ्या पोटच्यानं काय केलं ते बघा. प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर माईकसमोर उभा राहायचा आणि खालमानेनं म्हणायचा, “गोल कुणाच्या हातातून जातो ते सगळ्यांनी पाहिलंय. मी नाव घेणार नाही.” नाव घ्यायची गरज कुठे होती? गोलकीपर एकच असतो.

गोलकीपरला आम्ही खांब म्हणतो. सहा फूट चार इंच, पस्तिशीचा, तोंडात शब्द नाही. त्याची हिरवी जर्सी कोपरापाशी दर वेळी फाटून येते, मी दर वेळी शिवते, आणि तो दर वेळी दारात वाकून म्हणतो, “मावशी, पुन्हा त्रास दिला.” फाटकाबाहेर लोक त्याला आईवरून शिव्या देत होते. म्हणजे माझ्या पोराच्या पापाला त्याच्या आईनं शिव्या खायच्या!

अजून एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे भिंत. खेळाडूंच्या खोलीतून मैदानाकडे जाताना एक बोळ लागतो. त्याच्या भिंतीवर काचेच्या चौकटी आहेत. दर वर्षी शेवटच्या मॅचची कॅप्टनची जर्सी तिथं लावतात, न धुता, जशी अंगावरून उतरली तशी. जुन्या सेक्रेटरींनी ही पद्धत पाडली. म्हणाले, कप ठेवायला आपल्याकडे नाहीत, घाम तरी ठेवू. चौकटींची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली, कारण न धुता ठेवायची वस्तू धुणाऱ्या बाईच्या हातून सुटली पाहिजे. थोरला दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर त्या बोळातून जायचा आणि बोट लावून म्हणायचा, “आई, इथं माझी.” यंदा तो पहिल्यांदा कॅप्टन झाला. त्याच दिवशी मी रिकाम्या चौकटीची काच पुसून ठेवली. वर्षभर रोज पुसली.

शेवटच्या मॅचच्या आधीचा रविवार. मुलगा-सून जेवायला आले होते. आम्हाला एक बरोबरी पुरणार होती. बरोबरी झाली तर वर, हरलो तर खाली. मी सरळ विचारलं.

“तुझी जर्सी मळत का नाही रे?”

“आई, जर्सी मळली म्हणजे खेळ चांगला, हे तुझ्या काळातलं. आता डोक्यानं खेळतात.”

“मग टोपी तरी मळू दे. माझ्या काळात हरलेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तू तिसऱ्यांदा वाढून घेतोयस.”

सूनबाई हसल्या. मग नवऱ्याची बाजू घ्यायला म्हणून बोलून गेल्या, “अहो आई, पाय जपायला नकोत का त्यांनी? पुढच्या महिन्यात तिकडचे डॉक्टर तपासणार...” आणि एकदम पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात गेल्या. तांब्या भरलेलाच होता.

“तिकडचे म्हणजे कुठले?”

थोरल्यानं ताटाकडे बघत सांगितलं. दुसऱ्या शहरातला मोठा क्लब त्याला घेणार होता. तीन वर्षांचा करार. सगळं हिवाळ्यातच ठरलं होतं. गुडघे धड असले की सही.

“तुला सांगणारच होतो, आई.”

“जा की! तुला धरून ठेवलंय कोणी? चांगलं बोलावणं आलं तर माणसानं जावं, मी तुझी बॅग भरून देईन. पण जाईपर्यंत तू इथला आहेस ना?”

“आहे की.”

“मग पुढच्या रविवारी मला तुझी जर्सी मळलेली पाहिजे. भिंतीवर जायचीय ती. कोरी जर्सी मी तिथं लावणार नाही, सांगून ठेवते.”

“मळेल गं,” तो म्हणाला. “एवढंच ना?”

एवढंच ना. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मॅच चालू असताना मी कधी बघायला जात नाही. धुलाईखोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. छत हललं की गोल आमचा, छत गप्प झालं की त्यांचा. माझी नणंद माझ्याबरोबर तिथंच काम करते, ती बादल्या भरत होती आणि दर दोन मिनिटांनी “वहिनी, काही वाजलं का हो?” विचारत होती. शून्य-शून्य. शेवटची वीस मिनिटं राहिली आणि मला काही आत बसवेना. बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तिथं दोन्ही बाजूंना नव्या मॅनेजरनं टीव्हीत छान दिसावं म्हणून मोठाल्या कुंड्या मांडल्यात. एकीच्या आडून मी बघत होते.

दहा मिनिटं बाकी असताना त्यांचा एक गडी मधून बॉल घेऊन सुटला. वाटेत एकटा थोरला. पाय घालायचा होता. घसरायचं होतं. लागलं असतं, नसतंही लागलं. माझ्या मुलानं काय करावं? पाय उचलला आणि बाजूला झाला. दारात पाहुणा समोर आला की आपण ‘या, या’ म्हणून वाट देतो, तसा. खांब एकटा पुढं धावला, त्या गड्याच्या पायांत झोकून दिलं स्वतःला, बॉलला हात लावलाही. तरी बॉल आत गेला. तो उठला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत बाही लोंबत होती आणि अख्ख्या पायऱ्या त्याच्या नावानं शिव्या घालत होत्या. थोरला कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघून मान हलवत होता. पाठीपोटानं पांढरी स्वच्छ जर्सी, दुकानातल्यासारखी.

मी आत निघून आले. पुढचं मला छतानं सांगितलं. छत गप्पच राहिलं. बावीस वर्षं संपली.

मग कपडे आले. थोरल्याचा गठ्ठा घडी नव्हता. फेकलेला होता. जर्सी उघडली तर छातीवर माती, पोटावर माती. खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. वाटलं, शेवटच्या दहा मिनिटांत लाजला असेल, लोळला असेल. मी जर्सी छातीशी धरली.

तेवढ्यात नणंद म्हणाली, “वहिनी, ह्याला थर्माकोल कुठून लागलं हो?”

मातीत पांढरे दाणे होते, हलके, बोटानं दाबले की चुरा होणारे. मी जर्सी टेबलावर पसरली, दिवा जवळ ओढला. घसरल्याचा डाग एका दिशेला जातो, कापडाच्या विणीत गवत अडकतं. इथं माती गोल गोल फिरवलेली होती. मधेच चार बोटं उमटली होती. चड्डीला काही नाही. मोज्यांना काही नाही. आणि माती तांबडी. मैदानाची माती काळी आहे, आमच्या ह्यांच्या नखांत ती वीस वर्षं मी बघितलीय.

मी बोळात गेले. डाव्या बाजूच्या कुंडीत मूठभर खड्डा होता. रोप कलंडलेलं. आजूबाजूला तेच पांढरे दाणे सांडलेले, माती भुसभुशीत राहावी म्हणून कुंडीत घालतात ते.

मळलेली जर्सी मागितली होती मी. गाढवानं तेवढीच आणून दिली.

नणंद मागं येऊन उभी राहिली. तिनंही पाहिलं. “जाऊ द्या वहिनी,” ती हळूच म्हणाली. “लेकरू आहे. उद्या लावून टाका. इथं बोळात कोण येतंय बघायला?”

“मी येते,” मी म्हटलं. “रोज सकाळी. फडकं घेऊन.”

ती जर्सी मी मशीनमध्ये टाकली नाही, हातानं धुतली. मैदानाचा चिखल काढायला मला दोन पाणी लागतात, ब्रश मोडेपर्यंत घासावं लागतं. ही माती एका पाण्यात गेली. मग इस्त्री केली. कॉलरसुद्धा. नुसती चीड होती मनात, आणि चिडले की माझी इस्त्री फार सुरेख होते.

सकाळी दहाला सगळे बोळात जमले. मॅनेजर, कोच, खेळाडू, ऑफिसातली माणसं, फोटोवाला. थोरला केस विंचरून आला होता, सूनबाई बरोबर. हरल्याचं तोंड त्यानं नीट घालून आणलं होतं. खांब सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, डोळे जमिनीवर. मी किल्ली काढली, चौकट उघडली, काखेतली जर्सी खिळ्यांना लावली आणि काच बंद केली.

मॅनेजर पुढं वाकला. “बाई, ही हिरवी आहे. गोलकीपरची. कॅप्टनची पांढरी असते.”

“दिसतंय मला. शाळा लवकर सुटली, डोळे शाबूत आहेत.”

“पण नियम कॅप्टनच्या जर्सीचा आहे.”

“नियम न धुतलेल्या जर्सीचा पण आहे. कॅप्टनची धुतली गेली. आता काय करू, पुन्हा मॅच खेळवता?”

मागून खांब म्हणाला, “मावशी, माझी नको. लोक काचा फोडतील.”

“फोडू देत. मी दुसरी बसवून घेईन. तू गप उभा राहा, तुला कोणी विचारलं?”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. थोरल्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच. तो माझ्याजवळ आला आणि दात न उघडता म्हणाला, “आई, सगळ्यांसमोर काय चाललंय हे? माझी जर्सी कुठंय?”

पिशवीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. पांढरी, घडी घातलेली, वर मोजे, जोडीनं.

“ही घे. कुंडीतली माती एका पाण्यात निघाली, तू अंगात घातलीस तशीच झालीय. हरलास म्हणून मी तुला काही बोलले नसते, माझ्या घरात हरलेल्या माणसाला ताट मिळतं. पण तू वाट सोडलीस, दुसऱ्याला शिव्या खायला लावल्यास आणि वर मलाच फसवायला निघालास. तुझ्या बापानं वीस वर्षं ते मैदान राखलं आणि त्यातली मूठभर माती अंगाला लावून घ्यायची तुझी तयारी नव्हती. या भिंतीवर तुला जागा नाही. मी जिवंत आहे तोवर नाही, आणि मेल्यावरची किल्ली मी तुझ्या आत्याला देऊन ठेवीन. जा आता, सामान बांध. तिकडचे डॉक्टर खूश होतील, तुझे गुडघे अगदी कोरे आहेत.”