दोन डॉलरची मेथी

आमच्या विक्रमने कॉम्प्युटरवर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं आणि त्या दिवसापासून मेथीची जुडी मला दोन डॉलरला पडायला लागली. दूध तीनशे दहा डॉलर, धोबी चाळीस डॉलर. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून घरखर्च मीच लिहिते. आधी वहीत लिहायची. विक्रमने कॉम्प्युटर आणल्यावर दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून बसले, शिकले आणि त्यात लिहायला लागले. आमच्या ह्यांनी, म्हणजे लक्ष्मणरावांनी, तेव्हा माझी यथेच्छ टिंगल केली होती. आता मागच्या महिन्याचं लाइटबिल किती आलं होतं, ते मलाच विचारतात.

"अरे, हे डॉलर काढ आधी," मी विक्रमला म्हणाले.

"नुसतं चिन्ह आहे ते, आई. अमेरिकेत बनवलंय, म्हणून सुरुवातीला तसं येतं. आकडे आपलेच आहेत. सेटिंग बदललं की झालं. संध्याकाळी करतो."

संध्याकाळी पाहुणे आले आणि ते राहून गेलं.

पाहुणे म्हणजे एकनाथराव आणि त्यांची मुलगी त्रिवेणी. एकनाथरावांचं अफझलगंजला सुतळी-गोणपाटाचं दुकान आहे. त्रिवेणी एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. तिची आई लहानपणीच गेली. तिला मी एका हळदीकुंकवाला पाहिलं होतं आणि तेव्हाच मनात धरलं होतं. विक्रम तर तिच्याशी दोनदा बोलून पार पाघळला होता. अडलं होतं ते एकनाथरावांपाशी. व्यापारी माणूस! हातातल्या स्थळापेक्षा पुढचं स्थळ त्यांना नेहमी बरं वाटायचं. एकाचं घर भाड्याचं, एकाचा पगार कमी, एकाला पाठच्या दोन बहिणी. मुलगी तिशीला टेकली तरी त्यांची घासाघीस चालूच होती. आम्हालाही त्यांनी महिनाभर 'बघू, कळवू' करत लटकवून ठेवलं होतं.

बैठकीतला कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा आल्यागेल्याला दाखवायची वस्तू. ह्यांनी कौतुकानं एकनाथरावांना आणि त्रिवेणीला तिथं नेलं. मी चहा गाळत होते. पडद्यावर आमची एकूण शिल्लक उघडीच राहिली होती. एक लाख पंच्याऐंशी हजार, आणि आकड्याच्या आधी ते डॉलरचं चिन्ह. त्यातून विक्रम आदल्याच वर्षी कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेला राहून आला होता. त्या दिवसांत अमेरिकेहून आलेला पोरगा लोकांना चालतीबोलती बँकच वाटायचा. जाताना एकनाथराव म्हणाले, "फार साधे राहता हो तुम्ही लोक." मला आपलं वाटलं, खिडक्यांच्या पडद्यांबद्दल म्हणताहेत.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वहिनी, आमची पसंती समजा. खर्चाची फिकीर नक्को. तुम्ही डॉलरवाले, तुमच्या तोलाचं लग्न व्हायला पाहिजे. अफझलगंजचं गोदाम विकायला काढलंय मी. पुढच्या आठवड्यात सही."

मी फोन ठेवला आणि तिथंच खाली बसले. हा माणूस आमची मेथी, दूध आणि धोबी बघून गोदाम विकायला निघाला होता!

"आपण कुठं खोटं बोललो?" विक्रम म्हणाला. "त्यांनीच चुकीचं वाचलं."

"लग्न होऊन जाऊ दे," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मग हसत हसत सांगू."

माझं डोकंच फिरलं. हसत हसत सांगणार म्हणे! तोवर त्या माणसाचं गोदाम गेलेलं असणार. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा तो दिवस गप्पच काढला. त्रिवेणी मला हवी होती. खरं कळलं की एकनाथराव उठून जाणार, आणि तिच्यासारखी मुलगी आम्हाला परत कुठली मिळणार? दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, भाजी लिहायला घेतली, आणि ते चिन्ह पाहून माझ्याच्यानं पुढं लिहवेना. मी एकनाथरावांना फोन करून रविवारी दोघांना घरी बोलावलं.

"मी आत्ताच बदलून ठेवतो सेटिंग," विक्रम म्हणाला.

"नको. त्यांनी पाहिलंय तसंच राहू दे. मी सांगणार आहे."

"आई, उठून जातील ते."

"जाऊ देत," मी म्हणाले.

रविवारी एकनाथराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी तो उघडूच दिला नाही.

"भाऊ, तुम्ही त्या दिवशी पाहिलेत ना, ते डॉलर नाहीत. रुपये आहेत. ह्यानं नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यानं सगळ्याला डॉलर चिकटवले. आमची सगळी शिल्लक मिळून एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये आहे. तुम्ही गोदाम विकू नका."

"मजाक करायलाव काय, वहिनी?"

मी त्यांना कॉम्प्युटरपाशी नेलं आणि भाजीचा खर्च काढून दाखवला. मेथी, दोन डॉलर. कोथिंबीर, एक डॉलर. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग मी ते चिन्ह बदलायला घेतलं आणि भलत्याच खिडकीत जाऊन अडकले. विक्रम पुढं यायच्या आत त्रिवेणी उठली होती.

"काकू, सरका जरा."

ती बसली. काही शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही. सरळ हवं तिथं गेली, डॉलर पुसला, रुपये लिहिले. आमची सगळी शिल्लक पुन्हा आमची झाली.

एकनाथराव पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. "तुला कसं ठाऊक हे?"

"आमच्या ऑफिसात पण असंच झालं होतं, बाबा. मीच नीट केलं."

"मग त्या दिवशी तुला कळलं होतं?"

"हौ. बघितल्याबरोबर."

"आणि तू गप्प बसलीस? मी गोदाम विकायलोय!"

"गोदामाचं तुम्ही मला आज रिक्षात सांगितलं. सही होऊ दिली नसती मी."

"पण बोलली का नाहीस?"

त्रिवेणीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "बाबा, तुम्ही पहिल्यांदा कुणाला तरी हो म्हणालात."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. विक्रम दारात उभा होता, त्याच्याकडे मला बघवेना.

"आता नाही म्हणायचं असलं तर म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "पण कारण इथंच सांगा. ह्यांच्यासमोर."

एकनाथरावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर वाकून ते आमची शिल्लक बघत राहिले. मला वाटलं, आता हे उठणार.

"एक लाख पंच्याऐंशी हजार ना?" ते विक्रमला म्हणाले. "मग कॉमा एकाच्या पुढं पाहिजे. हा पंच्याऐंशीच्या पुढं कायकू टाकलाय?"

"ह्यात लाखाची सोय नाही, काका. तिकडची पद्धत आहे."

"मग काहीतरी करून ठेवा. लग्नाचा खर्च ह्याच्यातच लिहायचा म्हटल्यावर लाख लाखासारखा दिसायला नको?"

आणि इतका वेळ ताठ बसलेली ती पोर खुर्चीतच ढसाढसा रडायला लागली.